आजोबांची दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार

आईने आज घड्याळ काढलं! चष्म्याच्या जुन्या डबीत घड्याळ, डबी मोज्यात, मोजा कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. आजोबांचं मनगटी घड्याळ — महायुद्धातून त्यांच्याबरोबर घरी आलेलं. ते गेले तेव्हापासून म्हणजे चाळीस वर्षं ते आम्ही कोणी पाहिलेलं नाही.

झालं असं की लेक नर्सिंग पास झाली. एक मार्चला रुजू होणार. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं म्हणाली. मी सहज बोलून गेले, आई, आजोबांचं दे ना हिला, नुसतं पडून आहे. तर आईचा चेहरा असा झाला की मी काहीतरी अभद्रच बोलले. उठली, सगळी उलथापालथ करून डबी आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हिला द्यायचं नाही. ते आपलं नाही. मेलेल्याचं आहे."

मग सगळं बाहेर आलं. आई नऊ वर्षांची होती तेव्हा. शेजारचे कोणी बसायला आले होते, त्यांनी आजोबांना विचारलं, घड्याळ कुठून आणलंत? आई पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती, मध्ये फळ्यांची भिंत. आणि दादा — ती आजोबांना दादा म्हणायची — म्हणाले, "मेलेल्याचं घेतलं मी ते." लढाईत आजोबांचं काम स्ट्रेचर उचलायचं. जखमी आणायचे, वाटेत गेले तर मेलेलेही आणायचे. नऊ वर्षांच्या पोरीने दोन अधिक दोन केलं. मढ्याच्या मनगटावरून काढलं! त्यानंतर तिने रस्ता ओलांडताना बापाचा हात कधी धरला नाही. एकाहत्तर वर्षं हे पोटात ठेवलं. बाबांनाही बोलली नाही.

मला म्हणाली, ज्याचं आहे त्याच्या घरच्यांना शोध आणि परत कर, मी डोळे मिटायच्या आत. ऐंशीची आहे. नाही कशी म्हणू?

वर आणखी एक — "एक नव्हतं, दोन होती." दोन कुठली? डबीत एकच आहे. मी वाद घातला नाही. वय झालंय.

४ फेब्रुवारी

डोक्यातून जात नाही. मला आठवतात ते आजोबा असले नव्हतेच. मी पंधरा वर्षांची होते ते गेले तेव्हा, म्हणजे अगदीच कुक्कुलं बाळ नव्हते. काहीही विचारा — बस कधी येईल, दाढ कधी थांबेल, बाबा कधी येतील — ते गंभीरपणे मनगट वर करायचे, घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "दहा मिनिटं." मग दोन तास लागोत. आमच्या घरात तो शब्दच झाला. उशीर होणार असेल तर आम्ही म्हणतो, आजोबांची दहा मिनिटं. छापखान्यात मी एकदा तसं बोलून गेले तर मालक खरंच दहा मिनिटांनी प्रूफं मागायला आले!

असा माणूस मढ्याच्या अंगावरचं काढेल? आणि काढलं तर तेच घड्याळ आम्हाला हसवायला वापरेल?

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धी सुट्टी. घड्याळवाल्याकडे गेले. टपरीएवढं दुकान, त्यात तो, शंभरएक घड्याळं आणि एक पंखा. प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. मी म्हटलं, तुम्हाला घरी जायची वेळ कशी कळते? म्हणाला, बायकोचा फोन येतो.

डोळ्याला भिंग लावून त्याने घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेलं होतं! सुईने ओरखडावं तसं, अगदी बारीक. मला वाटलं मालकाचं नाव. तो हसला. म्हणाला, हे आमचं आहे. घड्याळ ज्याने उघडलं तो आपली खूण आणि साल आत कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं की आधी कोणाचा हात लागलाय. गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, फक्त आम्हाला.

दोनदा कोरलेलं आहे. खूण दोन्हीकडे एकच — छोटासा कंदील. एका कंदिलाखाली ४६, दुसऱ्याखाली ५४. मी माझं प्रूफ बघायचं भिंग नेलं होतं, त्यातून वाचलं. तो माझ्या भिंगाकडे बघून म्हणाला, बाई, आपण एकाच धंद्यातले. मला फार बरं वाटलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका भिंगातून शोधते आहे, कोणी धंदाबंधू म्हटलं नव्हतं.

कंदील त्याने ओळखला! त्याच्या उस्तादांचे उस्ताद. जुन्या पुलाजवळ दुकान होतं. ते कधीच गेले. पण त्यांची मुलगी आहे, दुसऱ्या गावी नातवाकडे असते. ती लहानपणी सारखी दुकानातच बसलेली असायची म्हणे. फोन नंबर शोधून देतो म्हणाला. घड्याळ साफ करायला ठेवून घेतलं. "चालेल?" मी विचारलं. "उघडलंय ते चालवायलाच," म्हणाला.

देव त्याचं भलं करो. आणि त्या कंदीलवाल्याचंही, जो कोणी पुढे उघडेल त्याच्यासाठी खूण करून गेला.

९ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दोन्ही घड्याळांत कंदील होता का?" पुन्हा दोन!

११ फेब्रुवारी, मंगळवार

नंबर मिळाला. दुपारच्या सुट्टीत छापखान्याच्या जिन्यात बसून फोन लावला.

आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. फोनवर खरखर, त्यांचं बोलणं बोबडं, खाली मशीन धडधडतंय. पण लढाईतलं घड्याळ म्हटल्याबरोबर त्यांना आठवलं! स्ट्रेचरवाले ना, म्हणाल्या. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगायचे. मी म्हटलं, आजी, ते घड्याळ आजोबांनी कुठून आणलं होतं, काही बोलले होते का?

आणि त्या म्हणाल्या, "हो तर. मेलेल्याचं घेतलं मी, असं सांगायचे ते."

पुढेही काहीतरी बोलत होत्या. मी "बरं, बरं, उपकार झाले" म्हणून फोन ठेवला. जिन्यातच बसून राहिले. मालकांनी वरून विचारलं, किती वेळ? तोंडातून निघून गेलं, दहा मिनिटं. मग रडूच आलं.

१२ फेब्रुवारी

आईला खोटं सांगितलं — फोन लागला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली. तिला कळलंय असं वाटतं.

आज एका पानात तीन चुका सोडल्या. मालकांनी स्वतःच दुरुस्त केल्या. मनाने चांगला माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळवाल्याचा निरोप — घड्याळ चालू झालं, घेऊन जा. गेले नाही. आणायचं आणि कोणाला द्यायचं? लढाईत मेलेला कोण, कुठला, त्याच्या घरचे आता कोण उरलेत! आणि लेक रोज विचारते, मिळणार का मला? तिला अजून काही सांगितलेलं नाही. म्हणते, आजी एवढी का चिडली, मी काय मोडून टाकणार होते?

बसल्या बसल्या आजोबांची बाजू घेऊन बघितली. मेलेल्याला घड्याळाचं काय काम? कोणीतरी नेलंच असतं. चिखलात गेलं असतं. हे सगळं बरोबर आहे आणि तरी पटत नाही. आपलेच दात आपलेच ओठ.

तरी एक लिहून ठेवते. आईने हे एकाहत्तर वर्षं एकटीने वाहिलं. मला चार दिवसांत जड झालं. निदान आता आम्ही दोघी आहोत, एवढ्यासाठी तरी तिने ती डबी उघडली हे बरं झालं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पत्र! खरंखुरं, टपालाने आलेलं, शाईचं. त्या आजींचं. घड्याळवाल्याकडून पत्ता घेतला त्यांनी. जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण हा कागद मी आईला देणार आहे.

"चि. सौ. — तुम्ही फोन मधेच का ठेवलात? मी पुढचं सांगत होते. माझं काही चुकलं असेल तर राग मानू नका. त्या वेळी दात घातले नव्हते, त्यामुळे माझं बोलणं माझ्या नातवालाही कळत नाही. म्हणून लिहिते. लिहायला दात लागत नाहीत.

"तुमच्या आजोबांचे शब्द असे होते — ‘घड्याळ मेलेलंच घेतलं मी.’ तळावरच्या दवाखान्यात एक डॉक्टर होता. त्याचं घड्याळ बंद पडलं, ते त्याने टाकून दिलं. तुमच्या आजोबांनी विचारून उचललं. डॉक्टर म्हणाला, अरे हे मेलंय. हे म्हणाले, मला मेलेलंच पाहिजे.

"कारण असं, की स्ट्रेचरवरचा माणूस वाटभर एकच विचारतो, किती राहिलं? नुसतं दहा मिनिटं म्हटलं तर त्याचा विश्वास बसत नाही. घड्याळात बघून म्हटलं की बसतो. दर वेळी म्हणायचं, दहा मिनिटं. चालतं घड्याळ असतं तर काटे पुढे गेलेले त्याला दिसले असते. तीन वर्षं त्यांनी बंद घड्याळ हातावर बांधलं. वडिलांना ते म्हणायचे, पुष्कळ जण पोचले हो त्या दहा मिनिटांवर.

"शेचाळीस साली दुकानात आले. मुलगी पावलं टाकायला लागलीय, आता हिला खरी वेळ सांगायची आहे, जिवंत करून द्या, म्हणाले. वडिलांनी करून दिलं.

"चोपन्न साली पुन्हा आणलं तेव्हा मी दुकानात होते. आत ओली माती होती. वडील रागावले, कुठे पाडलंत? तुमचे आजोबा म्हणाले, पडलं नाही, ठेवलं होतं. कोणी ठेवलं विचारू नका. चांगल्या मनाने ठेवलं होतं. हे मला लक्षात राहिलं, कारण मातीत घड्याळ चांगल्या मनाने कोण ठेवील, असं वडील पुढे कितीतरी दिवस म्हणायचे.

"घड्याळ अजून आहे हे ऐकून फार आनंद झाला. वडिलांचा कंदील दिसला का?"

मेलेलंच. मेलेल्याचं नव्हे — मेलेलंच!

२० फेब्रुवारी

काल लिहिताना हात थांबत नव्हता, आज शुद्धीवर आहे.

तीस वर्षं प्रूफं तपासते. काना, मात्रा, वेलांटी, माझ्या नजरेतून सुटत नाही म्हणून मालक नवीन लोकांना माझं उदाहरण देतात. आणि एवढा मोठा शब्द मी एकदा ऐकला आणि खरा मानला! मूळ प्रत मागितली नाही. पुन्हा सांगा म्हटलं नाही. कारण आईने आधीच तो शब्द माझ्या कानात घालून ठेवला होता. ‘ध चा मा’ झाल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो आणि मान हलवतो. आमच्या घरात फळ्यांच्या भिंतीतून एक ‘लं’ येता येता ‘ल्या’ झाला आणि एक पोर बापाला अंतरली.

आजींना उलट टपाली पत्र लिहिलं. तीन पानं. आभार हा शब्द सहा वेळा आला. एकही खोडला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळ घेऊन आले. घड्याळवाल्याने आत स्वतःची खूण कोरलीय — एक छोटी छत्री, खाली २५. कंदिलाच्या शेजारी जागा मिळाली, म्हणाला, आमच्यात हा मान असतो. पत्र वाचायला दिलं. वाचून भिंग काढलं आणि डोळे पुसले. म्हणाला, बंद घड्याळाचा असा उपयोग आमच्या अख्ख्या धंद्यात कोणाला सुचला नाही!

रस्ताभर ते कानाला लावून आले. टिकटिक करतंय. लोक बघत होते. बघू देत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईला पत्र वाचून दाखवलं. आधी खोटं बोलल्याची कबुली दिली. ती म्हणाली, माहीत होतं, तुला खोटं बोलता येत नाही, नाक लाल होतं.

मग वाचलं. ‘मेलेलंच’पाशी थांबले. ती नुसते ओठ हलवत राहिली. एकदा तो शब्द, एकदा हा शब्द. मेलेल्याचं. मेलेलंच. पाच-सहा वेळा. डाव्या मनगटाला उजव्या हाताने घट्ट धरून बसली होती. मग म्हणाली, "मी त्यांना एकदाही विचारलं नाही गं. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

मी म्हटलं, आई, तू नऊ वर्षांची होतीस.

"नंतर एकोणीसची झाले. एकोणतीसची झाले."

पुढे वाचत गेले. दहा मिनिटांची गोष्ट ऐकून मात्र ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि पदर दोन्हीला एकच पुरला. लेकही शेजारी बसून ऐकत होती. तिचं नर्सचं डोकं — म्हणाली, पणजोबांनी बरोबर केलं, माणसाला वेळ कळली की त्याची नाडी जरा खाली येते. आईने तिच्याकडे असं बघितलं, की त्या नजरेसाठी मी आजींना आणखी तीन पानं लिहीन.

शेवटी माती आली. ‘पडलं नाही, ठेवलं होतं.’ आई म्हणाली, परत वाच. वाचलं. परत वाच. तिसऱ्यांदा वाचलं. मी म्हटलं, हे काही मला उलगडलं नाही, तुला आठवतं का काही? ती उठली. जरा पडते म्हणाली आणि आत गेली.

घड्याळ टेबलावर होतं. तिने हात लावला नाही.

२४ फेब्रुवारी

आई जेवते, पेपर वाचते, विचारलं तर हो-नाही म्हणते. रागावलेली नाही. कुठेतरी लांब आहे. लेकीला घड्याळ द्यायचं की नाही, तेही बोलत नाही. मीही विचारत नाही. एवढी वाट बघितली, आणखी आजोबांची दहा मिनिटं!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी छापखान्यातून आले तर आईने लेकीला समोर बसवलं होतं आणि घड्याळाला चावी कशी द्यायची ते शिकवत होती. रोज एकाच वेळी, हलक्या हाताने, अडलं की थांबायचं. स्वतः तिच्या मनगटावर पट्टा बांधला. नवा पट्टा! कधी आणला, कोणाकडून आणवला, पत्ता नाही. भोक एक जास्त पाडावं लागलं, लेकीचं मनगट बारीक.

मग लेकीचा तो हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला. बराच वेळ. लेकीला फोन आला तरी सोडला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली.

आणखी काय मागू? सगळं मिळालं. आजोबा स्वच्छ, आई मोकळी, लेकीला घड्याळ. एका टाकून दिलेल्या वस्तूसाठी किती माणसांनी किती केलं — त्या डॉक्टरने टाकलं हेसुद्धा उपकारच. रोजनिशी इथे बंद केली तरी चालेल.

१ मार्च, शनिवार

सकाळी लेक घड्याळ बांधून पहिल्या ड्यूटीवर गेली. दार लावून वळले तर आई मागेच उभी.

म्हणाली, ती माती माझी. नऊ वर्षांची असताना ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिने घड्याळ पळवून कुंपणापाशी पुरलं, मेलेल्याची वस्तू मेलेल्याला परत म्हणून. वर दगड ठेवला, दगडावर दोन पिवळी फुलं. नवव्या दिवशी बापाच्या हातावर घड्याळ! धावत जाऊन बघितलं तर दगड जागच्या जागी. कोणी उकरलेलं नाही. मग हे दुसरंच असणार, आणखी एका मेलेल्याचं काढलेलं! तीच तिची दोन घड्याळं.

"तेव्हा एक बघितलं होतं, पण कळलं नव्हतं," ती म्हणाली. "नऊ दिवस झाले होते. आणि दगडावरची फुलं ताजी होती गं."